कायद्याला धोंडा नाही

आपल्या पंचांगातलं वर्ष हे मोठं लवचीक प्रकरण आहे. २२ मार्च २०२३ च्या पाडव्यापासून ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्यापर्यंत ते चांगलं ३८४ दिवस चाललं, कारण मध्ये अधिक श्रावण पाय पसरून बसला होता. पुढचं वर्ष मात्र ३५५ दिवसांतच आटोपलं. जावयाला यात काही वावगं वाटत नाही. जादा महिना म्हणजे अनारसे, वाण आणि सासुरवाडीचा पाहुणचार! पण ज्याने कोणाला पैसे उसने दिलेत त्याला विचारा.

इंग्रजी अमलात आपल्याकडचे रोखे मितीवर लिहिले जात. 'चैत्र शुद्ध प्रतिपदा, मुदत वर्ष एक.' आता हे वर्ष कोणाचं? दाते-जोश्यांचं की गव्हर्नरसाहेबांचं? १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने २५ व्या कलमात निकाल देऊन टाकला: सगळे दस्तऐवज ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणेच केलेत असं धरायचं. शिवाय कोणाला शंका राहू नये म्हणून खाली उदाहरणं. कायद्याच्या उदाहरणांत एरवी नुसते 'अ' आणि 'ब' भांडत असतात. इथे चक्क एक हिंदू गृहस्थ 'नेटिव्ह' तारखेची चार महिन्यांची वचनचिठ्ठी लिहून देतो, नि दुसऱ्या उदाहरणात वर्षभराचा रोखा. मिती त्याची, महिने साहेबाचे. धोतरावर हॅट म्हणतात ती हीच.

यात गंमत असली तरी पैसा खरा असतो. समजा, २०२३ च्या पाडव्याला कोणी असा वर्षाचा रोखा लिहून घेतला. (१९०८ चा कायदा गेला, पण १९६३ च्या कायद्यात २४ वं कलम होऊन तो नियम जिवंत आहे. उदाहरणातले हिंदू गृहस्थ तेवढे निवृत्त झाले.) कायद्याचं वर्ष २२ मार्च २०२४ ला भरलं, धनकोचं पुढच्या पाडव्याला. फरक अठरा दिवसांचा. तेवढ्यात अख्खं भारतीय युद्ध उरकलं होतं! साध्या रोख्यावर दाव्याला तीन वर्षं मिळतात. पण ती पाडव्यापासून मोजून, अगदी शेवटच्या दिवशी कोर्टाची पायरी चढणाऱ्याला ऐकावं लागणार, 'दावा मुदतीबाहेर.' कर्ज खोटं नाही, सही खोटी नाही. दार तेवढं बंद. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ऋणकोने 'देईन' म्हणून पुन्हा लेखी सही केली तर ते दार उघडतं. असा ऋणको मिळाला तर मुळात कोर्टात जायचं कशाला म्हणा!

हेच इंग्रज स्वतःच्या घरी मात्र किती जपून वागले होते पाहा. १७५२ साली त्यांनी कॅलेंडर बदललं तेव्हा बुधवारी २ सप्टेंबर होती आणि गुरुवारी एकदम १४. मधले अकरा दिवस गुल. पण त्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की यामुळे कोणाचं भाडं अकरा दिवस आधी देणं लागणार नाही, की कोणी अकरा दिवस आधी सज्ञान होणार नाही. म्हणजे कॅलेंडर बदलतं तेव्हा माणसाचे दिवस खरे धरायचे असतात, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या धनकोच्या वाट्याला तेवढा विचार आला नाही. एक माप सगळ्यांना हवं, हे मलाही पटतं. बाजारात दोन शेर चालत नाहीत. पण माप बदलल्याची दवंडी गावात पिटायची की इंग्रजी कायद्याच्या पंचविसाव्या कलमात?

१५ ऑगस्ट १९४७ ला साहेब गेला तोही अधिक श्रावणातच. त्याचं वर्ष मात्र इथेच राहिलं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये 'वर्ष' म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेलं वर्ष, असं अजून लिहिलेलं आहे. मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून आलं, शकाचं आणि चैत्रापासून सुरू होणारं. राजपत्रावर त्याची तारीख असते. पण ते सूर्यावर चालतं, दिवस ३६५ किंवा ३६६. अधिक महिना त्यातही नाही.