तळटीप : भुकेचे केंद्र

१. १९५१ साली येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद (हेच पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये आले) आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा कडेचा बारीकसा भाग दोन्ही बाजूंनी निकामी केला. समोर खाणे असूनही उंदीर त्याला तोंड लावीनात. एकाच बाजूला इजा केली, तर खाणे सुरूच राही. मात्र या भागाला भुकेचे ‘केंद्र’ म्हणणे आता भाबडेपणाचे वाटते. तिथून जाणारे डोपामिनचे तंतूही त्या इजेत तुटत होते. चावण्याचा ठेका तर हायपोथॅलॅमसचा नव्हेच, तो मस्तिष्कस्तंभातल्या चेतापेशी धरतात. वरच्या मेंदूशी संबंध तोडलेला उंदीरही तोंडात घातलेले अन्न गिळतो. शेजारच्या ताटलीकडे मात्र आपणहून वळत नाही. – संपा.