कमी वारंवारतेचा ध्वनी व खोलीचे ध्वनिरोधन

कमी वारंवारतेचा ध्वनी म्हणजे साधारणपणे २० ते २०० हर्ट्‌झ या पट्ट्यातील खर्जाचा ध्वनी होय. ढगांचा गडगडाट, ढोलाचा ठोका, डिझेल जनित्राची घरघर आणि ध्वनिक्षेपकांतील ‘बेस’ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. उच्च वारंवारतेच्या ध्वनीच्या तुलनेत हा ध्वनी भिंती, खिडक्या व छपरातून पुष्कळ अधिक प्रमाणात आरपार जातो. त्यामुळे दूरच्या मिरवणुकीतील गाण्याचे शब्द बंद घरात कळत नाहीत, मात्र ठोके ऐकू येतात आणि तावदाने थरथरतात. असा ध्वनी अडवण्यासाठी वस्तुमान, हवाबंदपणा आणि विलगीकरण या तीन गोष्टी लागतात. मऊ अस्तर त्यासाठी पुरेसे नसते.

भिंतीतून ध्वनी जाण्याची प्रक्रिया

ध्वनितरंग भिंतीवर आदळला की भिंत अत्यल्प प्रमाणात कंप पावते आणि पलीकडच्या हवेला कंप देते. भिंत जितकी जड, तितकी ती हलवणे कठीण. तसेच कंपने जितकी जलद, तितके तिचे जडत्व अधिक प्रभावी ठरते. यास ‘वस्तुमानाचा नियम’ म्हणतात. दर चौरस मीटरचे वस्तुमान किंवा ध्वनीची वारंवारता दुप्पट झाल्यास ध्वनीतील घट सुमारे ६ डेसिबलने वाढते.

या नियमानुसार येणारी सैद्धांतिक घट अशी:

• नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत (सुमारे ४५० किलोग्रॅम प्रति चौ. मी.) – ५० हर्ट्‌झला ४० डेसिबल, ५०० हर्ट्‌झला ६० डेसिबल
• साडेचार इंची भिंत (सुमारे २५० किलोग्रॅम) – ३५ व ५५ डेसिबल
• ४ मिलिमीटर जाडीची काच (१० किलोग्रॅम) – ७ व २७ डेसिबल
• छपराचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा (सुमारे ४ किलोग्रॅम) – जवळजवळ शून्य व १९ डेसिबल

फटी आणि अनुनाद यांमुळे प्रत्यक्षातील घट बहुधा याहून कमी असते. शिवाय खोलीचा बचाव तिच्या सर्वांत दुबळ्या भागावर अवलंबून असतो. नऊ इंची भिंतीचा दहावा भाग अशा काचेच्या खिडकीने व्यापला असेल, तर ५० हर्ट्‌झला ४० डेसिबलची घट सुमारे १७ डेसिबलवर येते.

खोलीतील अनुनाद

हवेत ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते, तर १००० हर्ट्‌झच्या ध्वनीची सुमारे ३४ सेंटिमीटर. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असल्यास खोलीत स्थिर तरंग निर्माण होतात. ३ मीटर लांबीच्या खोलीत हे सुमारे ५७ हर्ट्‌झला घडते. त्यामुळे घरगुती खोल्या नेमक्या ‘बेस’च्या पट्ट्यात घुमतात. हा घुमारा भिंतींलगत व कोपऱ्यांत सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यभागी कमी जाणवतो.

ध्वनिरोधनाच्या पद्धती

• फटी बंद करणे: दाराखालची फट, खिडकीची चौकट आणि वायरिंगची छिद्रे रबरी पट्टी किंवा सीलंटने बंद करतात. खोली अशी बंद केल्यास हवेसाठी आतून ध्वनिशोषक अस्तर असलेली वळणदार नलिका ठेवणे आवश्यक असते.
• वस्तुमान वाढवणे: भरीव दार, जाड काच किंवा पत्र्याखाली जड छत यांचा उपयोग होतो. जुन्या इमारतीवर असा भार टाकण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो.
• दुहेरी भिंत: दोन थरांमध्ये हवेची पोकळी ठेवून तीत काचलोकर भरतात. पोकळीतील हवा स्प्रिंगसारखी वागते व तिला स्वतःची अनुनाद वारंवारता असते. प्रत्येकी १० किलोग्रॅम प्रति चौ. मी. वस्तुमानाचे दोन जिप्सम थर ५ सेंटिमीटर अंतरावर असल्यास ती सुमारे १२० हर्ट्‌झ येते. या वारंवारतेच्या आसपास रचना एकसंध भिंतीपेक्षाही निष्प्रभ ठरते. वस्तुमान व अंतर दोन्ही दुप्पट केल्यास ती सुमारे ६० हर्ट्‌झपर्यंत उतरते.
• खोलीत खोली: ध्वनिमुद्रण कक्षात आतील जमीन, भिंती व छत रबर किंवा स्प्रिंगवर पेलून मूळ इमारतीपासून वेगळे ठेवतात. कमी वारंवारतेसाठी ही सर्वांत परिणामकारक, पण खर्चिक पद्धत आहे.

गैरसमज

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, पडदे व पातळ फोम यांनी ध्वनी ‘अडतो’ असा समज आहे. हे पदार्थ हलके असल्याने ध्वनी रोखू शकत नाहीत. पडदे व फोम खोलीतील उच्च वारंवारतेचा प्रतिध्वनी तेवढा कमी करतात. सच्छिद्र पदार्थाची जाडी पाव तरंगलांबीच्या जवळपास असल्यास शोषण चांगले होते. ५० हर्ट्‌झसाठी ही जाडी सुमारे १.७ मीटर येते.

सातारा व सांगली परिसर

पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. हे मूळचे एका कंपनीचे व्यापारचिन्ह असून त्या कंपनीचा या यंत्रणेशी संबंध नाही. सातारा शहरात २०१४ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीच्या वेळी जुनी भिंत कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि डॉल्बीच्या हादऱ्यांकडे बोट दाखवले गेले. १२० डेसिबल ध्वनीचा दाब २० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २ किलोग्रॅम वजनाइतका असतो. सुस्थितीतील भिंत एवढ्याने पडत नाही. जीर्ण व भेगाळलेल्या बांधकामाला मात्र सततचे कंपन घातक ठरू शकते. २०१७ मध्ये सातारा व सांगली जिल्ह्यांचा समावेश असलेल्या कोल्हापूर पोलीस परिक्षेत्रात, विश्वास नांगरे-पाटील विशेष पोलीस महानिरीक्षक असताना, डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम राबवण्यात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डीजे व डॉल्बीवरील बंदी उठवण्यास नकार दिला.

या भागातील जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती जड असल्याने ध्वनी चांगला अडवतात. तो मुख्यतः खिडक्या, दारे आणि कौलारू किंवा पत्र्याच्या छपरातून आत येतो. म्हणून अशा घरांत भिंतींना अस्तर लावण्यापेक्षा छप्पर व खिडक्यांकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते.

मापन व कायदा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री (१० ते ६) ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ही मोजणी ‘ए’ भारित मापनश्रेणीत होते. मानवी कान कमी वारंवारतेस कमी संवेदनशील असल्याने या श्रेणीत ६३ हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा केले जातात. परिणामी घरात ६३ हर्ट्‌झचा ७० डेसिबल ध्वनी असला, तरी मापकावर ४४ ही संख्या दिसते व ती रात्रीच्या मर्यादेत बसते. कमी वारंवारतेच्या तक्रारीत ‘सी’ भारित मापनही घेतल्यास खरी तीव्रता स्पष्ट होते. दोन्ही मापनांत मोठा फरक आढळणे हे ‘बेस’ प्रबळ असल्याचे लक्षण मानले जाते.

हे सुद्धा पहा

• ध्वनिप्रदूषण
• डेसिबल
• अनुनाद
• स्थिर तरंग