चारचौघांतली पाचवी तार

चार या आकड्यावर आपल्या लोकांचा फार विश्वास. गाठीला चार पैसे असावेत, पाहुण्याने चार घास खाऊन जावं, समारंभात कोणीतरी उठून चार शब्द बोलावेत (ते चारशे होतात हा भाग वेगळा) आणि घरात कोणी काही नवीन करायला निघालं की लगेच विचारावं, ‘चार लोक काय म्हणतील?’ हे चार लोक नेमके कोण, ते आजवर कळलेलं नाही. बँकेत मी इतकी वर्षं लोकांचे पत्ते तपासतो आहे. या चौघांचा पत्ता काही सापडला नाही. पण दरारा असा की मोठमोठी माणसं त्यांना वचकून असतात.

तेव्हा बेस गिटारला चार तारा असतात यात मला काही वावगं वाटण्याचं कारण नव्हतं.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑर्केस्ट्रात पुढे गाणारा असतो. त्याच्या शेजारी केस उडवणारा गिटारवाला असतो. आणि या दोघांच्या मागे, ड्रमच्या आडोशाला, लांब दांडीचं वाद्य गळ्यात अडकवून, बसची वाट पाहत असल्यासारखा एक इसम उभा असतो. तो बेसवाला. खर्ज सांभाळणं हे त्याचं काम. तो वाजवत असतो तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. थांबला की मात्र सगळ्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. बँकेत आम्हां क्लार्क मंडळींचं स्थान हुबेहूब हेच असल्यामुळे बेसवाल्यांबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे.

माझा एक भाचा पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात बेस वाजवतो. (त्याच्या मते क्रम उलटा आहे.) मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला तो एक लांबलचक पेटी घेऊन. आंबे असतील या आशेने आमच्या हिने ती स्वतः उघडली. आत सहा तारांचा बेस.

“दोन तारा जास्त आहेत रे,” मी म्हणालो.

“जास्त नाहीत, मामा. चार होत्या, त्याच कमी होत्या.”

भाच्याचं हे वाक्य मला उद्धट वाटलं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात चक्क एका हिशेबनिसापासून होते.

लिओ फेंडर हे त्याचं नाव. कॅलिफोर्नियातला, जन्म 1909 चा. कॉलेजात अकाउंटन्सी शिकला, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. काही वर्षं जमाखर्च लिहिण्यात घालवली, नोकरी गेली, तेव्हा 1938 मध्ये 600 डॉलर कर्ज काढून फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. हा गृहस्थ पुढे जगप्रसिद्ध गिटार बनवू लागला, पण स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. यात नवल नाही. दिवसभर लाखो रुपये मोजणाऱ्या कॅशियरच्या खिशात तरी कुठे लाख रुपये असतात?

त्या काळी खर्जासाठी डबल बेस असे. माणसापेक्षा उंच, मोटारीत न मावणारं आणि मोठ्या बँडच्या गोंगाटात ऐकूही न येणारं असं ते धूड. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसतात; बोट केसभर सरकलं की सूर घसरला. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क नावाच्या माणसाने 1930 च्या दशकातच आडवा धरायचा, पडद्यांचा, विजेवर चालणारा बेस केला होता, पण तो चालला नाही. फेंडरने 1951 मध्ये केलेला मात्र चालला. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’. जमाखर्च पैशापर्यंत जुळवणाऱ्या माणसाला दुसरं नाव सुचणारच नाही. पुढे 1965 मध्ये त्याने आपली कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. कर्ज घेऊन फेडणाऱ्यांत अशी माणसंही असतात, एवढ्यासाठीच हा आकडा दिला.

तर या बेसला तारा किती ठेवायच्या? डबल बेसला चार. म्हणून यालाही चार. ई, ए, डी, जी. आकार गिटारचा, पडदे गिटारचे, गळ्यात अडकवायची पद्धत गिटारची, पण तारा मागच्या पानावरून पुढे चालू. आमच्या शाखेत एक रजिस्टर आहे. त्यात एक रकाना पूर्वीपासून कोरा सोडतात. का सोडतात हे कोणाला माहीत नाही, पण भरायची हिंमतही कोणी करत नाही.

तसे खुद्द फेंडरच्या कारखान्यानेही प्रयोग केले. 1961 मध्ये सहा तारांचा बेस काढला, पण तो म्हणजे नेहमीची गिटार एक सप्तक खाली उतरवलेली. तारा इतक्या जवळ की बेसवाल्याची बोटं एकमेकांत अडकावीत. 1965 मध्ये पाच तारांचा काढला, पण जादा तार लावली ती वरच्या सुराची. खर्ज होता तिथेच राहिला.

‘चारच का?’ हा सवाल मुळापासून लावून धरला तो न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सनने. वय वर्षं 21 असताना, 1973 मध्ये, ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ या गाण्यात त्याने वाजवलेला बेस एवढा गाजला की गीतकारांच्या नावांत त्याचंही नाव लागलं. तेव्हा तारा चारच होत्या. एवढ्यावर दुसरा कोणी समाधानाने पेन्शनीपर्यंत गेला असता. जॅक्सनचं म्हणणं साधं होतं: हे वाद्य गिटारच्या घराण्यातलं, त्या घराण्यातला सर्वांत खालचा सूर सांभाळणारं, घराण्यात सहा तारांची रीत, मग यालाच चार का? त्याने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून 1975 मध्ये सहा तारांचा बेस करून घेतला. खाली बी, वर सी. तारा फार जवळ झाल्या. मग दुसरा, तिसरा, असे करवून घेत दांडी रुंद केली, लांबी 34 इंचांवरून 36 वर नेली आणि पुढे चार तारांचा बेस हातात धरणंच सोडलं. वाद्य जड, म्हणून स्टुलावर बसून वाजवायचा. चार लोक बोललेच असतील.

त्याच सुमारास, 1976 मध्ये, जिमी जॉन्सन या वादकाने खालच्या बीसकट पाच तारांचा बेस अलेंबिक कंपनीकडून बनवून घेतला. त्याचे वडील वाद्यवृंदात डबल बेस वाजवायचे, आणि त्या जगात खाली पाचवी तार नवीन नव्हती. 1980 च्या दशकात सिंथेसायझर आले. ते ईच्या खालचे सूर सहज काढू लागले, तेव्हा बाकीच्या बेसवाल्यांचेही डोळे उघडले. संगणक आला की सगळी शाखा टायपिंग शिकते, त्यातला प्रकार. पाच तारा रुळल्या, सहा रुळल्या, हौशी मंडळी सात-आठवर गेली, आणि जाँ बॉदँ नावाच्या वादकाने अकरा गाठल्या. क्रिकेटचा संघ पुरा झाला.

एक तार वाढवणं म्हणजे खुंटी ठोकून तार बांधणं, असं मला वाटे. भाच्याने कागद-पेन्सिल पुढ्यात ठेवली. ई सेकंदाला सुमारे 41 वेळा हलते, बी 31 वेळा. आपल्याकडच्या विजेचा वेग 50. म्हणजे या तारा विजेहूनही सावकाश. (याहून सावकाश हलणारी वस्तू एकच, आमच्या बदल्यांची फाइल.) लांबी आणि ताण तेच ठेवून 41 चे 31 करायचे तर तारेचं वजन पावणेदोन पट हवं. हे त्रैराशिक मी स्वतः पडताळून पाहिलं, बरोबर आहे. म्हणून ई इंचाच्या हजारांश भागांत साधारण 105 जाडीची, तर बी 130 ची. एवढी जाड तार जुन्या खाचेत बसत नाही. सहा तारा झाल्या की दांडी रुंद होते, मग जुनं पिकअप सगळ्या तारांखाली पुरत नाही. घोडीही बदलावी लागते. तरी बी सैल वाटली तर लांबी वाढवायची. राल्फ नोव्हाक याने तर 1989 मध्ये पंख्यासारख्या तिरप्या पडद्यांचं पेटंट घेतलं. कॅनडातला डिंगवॉल त्या पद्धतीचे बेस बनवतो, त्यांत बी 37 इंच आणि जी 34. घरातल्या थोरल्याला लांब पलंग, धाकट्याला आखूड.

आणि पैसे नसतील तर? त्याला मध्यमवर्गीय तोडगा आहे. चार तारांच्या वाद्यावरून वरची जी काढून टाकायची, खाचा कानशीने रुंद करायच्या आणि बी, ई, ए, डी अशा तारा चढवायच्या. भाच्याने सुरुवात तशीच केली होती. यंदा मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर पेचकस आणि सोल्डरचं यंत्र मांडून त्याने नवं पिकअप बसवलं. आम्ही तीन दिवस पाटावर जेवलो.

वाजवताना पाहिलं तेव्हा कळलं, खरं कसब तार छेडण्यात नाही. एक छेडली की शेजारच्या पाच कुजबुजू लागतात. सतारीच्या तरफा अशाच निनादतात आणि आपण वाहवा म्हणतो. इथे तो चिखल. म्हणून उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर सरकत राहतो, डावी बोटं वरच्या दाबून धरतात. वाजवायची एक, गप्प बसवायच्या पाच. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे वाद्य फार लवकर जमेल.

एवढं करून पुण्यातल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला विचारलं, “चार तारांचा आणशील का? हा दिसायला विचित्र दिसतो. आणि दोन तारांचे जादा पैसे मिळायचे नाहीत.” त्या महिन्याचं भाडं त्याला त्याच कार्यक्रमातून द्यायचं होतं. तरी तो सहा तारांचाच घेऊन गेला. पैसे कमी मिळाले. भाड्यात जे कमी पडलं ते मामाच्या खात्यातून गेलं, आणि ही नोंद मी आनंदाने केली.

“पण बी ऐकू तरी येते का रे?” मी विचारलं. लहान स्पीकरमधून 31 चा सूर जवळजवळ बाहेरच पडत नाही. पण तिच्यासोबत 62, 93, 124 असे वरचे सूर येतात, आणि तेवढ्यावरून कान खालचा 31 आपणच जमेस धरतो. हप्ते बघून मुद्दल ओळखायची, ही विद्या आपल्या कानाला जन्मजात येते. बँकेत ती शिकायला मला सहा वर्षं लागली.

त्या लग्नात मीही होतो. मोठे स्पीकर होते. चार लोक काय म्हणतात ते ऐकायला मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. भाच्याने पाचव्या तारेवर बोट ठेवलं, खुर्च्या किंचित थरथरल्या. ते चौघं काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि पुन्हा जिलबीकडे वळले.