थ्री-नॉट-थ्रीची गोळी आणि कॅमेऱ्याची साक्ष

२६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीला निरोप दिला. ली-एन्फील्ड घराण्यातील ही रायफल दोन महायुद्धांत वापरली गेली होती. बंगालमधील ईशापूर येथेही तिचे उत्पादन दीर्घकाळ चालू होते. तिची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर गतीने बाहेर पडते. नेहमीच्या चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. म्हणजे एका चौकटीपासून दुसरीपर्यंत गोळी ३१ मीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला ५० हजार चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर मात्र तेच अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर उरते. मग नळीच्या तोंडाशी गोळीच्या आधी बाहेर आलेला वायू, नळीची सूक्ष्म थरथर आणि शेवटी स्वतः गोळी, असा क्रम स्पष्ट दिसू लागतो.

जुन्या लष्करी बंदुकांचे असे संथ चित्रण आज कुतूहलाने पाहिले जाते. परंतु उडत्या गोळीचे चित्र टिपण्याची ही विद्या कुतूहलाइतकीच एका गंभीर आरोपातूनही वाढली.

१८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांना युद्धात बंदी घातली. दोनच वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. फ्रेंचांच्या शास्पो रायफलीने झालेल्या काही जखमा विवराएवढ्या मोठ्या होत्या. गोळी लहान आणि जखम इतकी मोठी, हे पाहून फ्रेंचांनी करार मोडून स्फोटक गोळ्या वापरल्याचा संशय घेतला गेला. बेल्जियमचे शास्त्रज्ञ लुई मेल्सेन्स यांनी वेगळे कारण सुचवले: वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा मोठा साठा ढकलत नेते आणि ती हवाच शरीरात स्फोटासारखे काम करते.

हे अनुमान पडताळायचे तर हवाच पाहावी लागणार होती. प्राग येथील प्राध्यापक अर्न्स्ट माख यांनी ते आव्हान स्वीकारले. त्यांचा पहिला प्रयत्न फसला, कारण त्यांच्या पिस्तुलाची गोळी ध्वनीपेक्षा संथ होती. १८८६ मध्ये त्यांच्या सूचनेवरून फिउमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथील नौदल अकादमीत पीटर साल्खर यांनी लष्करी रायफलींवर प्रयोग केले. अंधाऱ्या खोलीत गोळीनेच विद्युतमंडल जोडले जाई आणि ठिणगी पडे. त्या क्षणिक उजेडात, हवेच्या घनतेतील फरक दाखवणाऱ्या भिंगांच्या रचनेतून चित्र उमटे.

ती चित्रे आकाराने अगदी लहान, पण निर्णायक होती. गोळीपुढे होडीच्या नाळेसारखी एक लाट दिसत होती, मागे दुसरी लाट आणि शेपटीला भोवऱ्यांची रांग. हाच तो आघात-तरंग, ज्याला आपण ‘शॉक वेव्ह’ म्हणतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तरच तो दिसे. गोळीपुढील दाबलेल्या हवेचा थर मात्र मेल्सेन्स यांच्या कल्पनेपेक्षा फारच पातळ निघाला. पुढे १९२९ मध्ये याकोब आकेरेट यांनी वस्तूची गती आणि ध्वनीची गती यांच्या गुणोत्तराला माख यांचे नाव दिले. थ्री-नॉट-थ्रीची गोळी त्या मापाने सुमारे ‘मॅक २.२’ गतीची ठरते.

मग जखमेचे कारण काय? बर्नचे शल्यविशारद थेओडोर कोखर यांनी पाण्याने भरलेल्या डब्यांवर आणि इतर पदार्थांवर गोळ्या झाडून पाहिल्या. पाणी दबत नाही. गोळीची गती ते चहूबाजूंना फेकते आणि भांडे फुटते. शरीरातील ओल्या ऊतींचेही असेच होते. १८९४ मध्ये रोमच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी मानवतेच्या दृष्टीने, शरीरात आकार न बदलणाऱ्या गोळ्यांचा आग्रह धरला.

त्याच दशकात कलकत्त्याजवळील डमडमच्या दारूगोळा कारखान्यात नेमकी उलट दिशा धरली गेली. तेथील गोळीचे टोक धातूच्या आवरणातून उघडे ठेवलेले असे. शरीरात शिरताच मऊ शिसे पसरे. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वायव्य सरहद्दीवर वापरली गेली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी आणली, तेव्हा ब्रिटनने विरोधात मत दिले. सुसंस्कृत शत्रू आणि ‘रानटी’ शत्रू यांत फरक आहे, असा ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद होता. कोखर यांच्या प्रयोगांत अशा फरकाला कोठेही जागा नव्हती. पदार्थविज्ञानाचा नियम सर्व शरीरांना सारखाच लागू होता. ब्रिटनने ती बंदी १९०७ मध्ये स्वीकारली.

१८७० च्या आरोपाचे उत्तर प्रत्यक्ष पडद्यावर दिसायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. प्रिन्स्टनमध्ये ई. न्यूटन हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, जिलेटिन आणि ऊतींमध्ये शिरणाऱ्या गोळ्यांचे अतिवेगवान चित्रण केले. गोळीमागे तिच्या व्यासाच्या कितीतरी पट मोठी पोकळी फुगते आणि काही सहस्रांश सेकंदांत मिटते, हे त्यात दिसले. स्फोटक दारू नसतानाही स्फोटासारखी जखम होऊ शकत होती.

भारतात १९६१ मध्ये चंडीगड येथे स्थापन झालेली टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आज गोळी लक्ष्यावर आदळताना काय घडते याचाच अभ्यास करते, आणि गोळीरोधक कवचांची परीक्षाही तेथे होते. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या क्षणाविषयी तर्क आणि आरोप यांनी जे ठरत नव्हते, ते चित्रांनी आणि प्रयोगांनी ठरवले. अशी गोळी कोणावर झाडावी, हा प्रश्न मात्र कॅमेऱ्याचा कधीच नव्हता. त्याचे उत्तर माणसांनाच द्यावे लागले.