पाहण्याचा अवधी : घारापुरी आणि किहीम

१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. परंतु या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर परक्यांनी उतरावे, पाहावे आणि पाहिलेले लिहून वा चितारून ठेवावे, ही परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. पंधराव्या शतकात घोडा विकण्याच्या उद्देशाने चौल बंदरात उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने येथील लोकांच्या पेहरावाविषयी लिहिले, तेव्हापासून आजच्या पर्यटकाच्या कॅमेऱ्यापर्यंत साधने अनेकदा बदलली. साधनाइतकाच महत्त्वाचा ठरला तो पाहणाऱ्याने त्या स्थळी घालवलेला काळ, आणि घारापुरी व किहीम या दोन ठिकाणांच्या इतिहासावरून हे विशेष स्पष्ट होते.

उरण तालुक्यात मोडणाऱ्या घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटले, ते होडीतून उतरण्याच्या जागेजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीमुळे. बेटाचे खरे वैभव, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुमारास बेसॉल्ट खडकात कोरलेले शैव लेणे, डोंगर चढून गेल्यावरच दिसते. तरीही जगभर रूढ झालेले नाव पहिल्या दृष्टिक्षेपातून पडले, आणि स्थानिकांचे ‘घारापुरी’ मागे राहिले. पुढे १८१४ मध्ये त्या हत्तीची मान व डोके निखळून पडले आणि १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न फसल्यावर त्याचे अवशेष मुंबईच्या राणीच्या बागेत आले. ज्या खुणेवरून नाव मिळाले ती खूण बेटावर उरली नाही, नाव मात्र टिकले.

या लेण्याची मोजमापांसह पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत कार्स्टन नीबूर याचे स्थान महत्त्वाचे आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी १७६१ मध्ये पाठवलेल्या मोहिमेत तो भूमापक म्हणून होता आणि चित्रे काढण्याचे काम गेऑर्ग बाउरेनफाइंड या चित्रकाराकडे होते. परंतु मोखा बंदरातून मुंबईकडे येताना १७६३ मध्ये बाउरेनफाइंड जहाजावरच मरण पावला, आणि मोहिमेतील इतर सहकारीही एकामागून एक गेल्यामुळे अखेरीस एकटा नीबूरच उरला. त्यामुळे मुंबईतील मुक्कामात भूमापकालाच चित्रकार व्हावे लागले. त्याने घारापुरीला पुनःपुन्हा जाऊन लेण्याचा आराखडा आखला, शिल्पांची रेखाटने केली आणि ती १७७८ मध्ये आपल्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केली. फीत आणि पेन्सिल घेऊन काम करणाऱ्याला एका भेटीत भागत नाही, कारण खांबांमधील अंतर मोजल्याशिवाय आराखडा जुळत नाही. या सक्तीमुळेच त्याच्या नोंदीला केवळ आश्चर्योद्गाराच्या पलीकडचे मोल आले.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीयही या नव्या कलेकडे वळले. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावी लागे, ओली असतानाच तिच्यावर कॅमेऱ्यात प्रकाश पाडावा लागे आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत तिच्यावरील प्रतिमा रसायनाने प्रकट करावी लागे. घारापुरीत या पद्धतीची खरी कसोटी होती. लेण्याचे मुख्य दालन उत्तरेकडे उघडते आणि सुमारे १८ फूट उंचीची त्रिमुखी महेशमूर्ती आत दक्षिणेच्या भिंतीत आहे, त्यामुळे तिच्यावर थेट ऊन न पडता खांबांमधून झिरपलेला मंद उजेडच पोहोचतो. असा उजेड काचेवर उमटण्यास बराच वेळ हवा, तर किनाऱ्यावरील उष्म्यात काच लवकर सुकू पाहणार, या ओढाताणीत छायाचित्रकाराला काम करावे लागे. जेम्स बर्जेस याने १८७१ मध्ये घारापुरीच्या लेण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात डी. एच. साइक्स याची छायाचित्रे समाविष्ट झाली. मोजमापे, वर्णन आणि छायाचित्र एकत्र आल्यामुळे लेण्याचा अभ्यास लेण्यापासून दूर बसूनही करता येऊ लागला.

जे स्थिर आहे ते काचेवर धरता येते. जे ऋतूबरोबर घडत जाते त्यासाठी वेगळी चिकाटी लागते, आणि तिचे उदाहरण याच किनाऱ्यावर अलिबागजवळ किहीम येथे सापडते. जर्मनीतून शिकून परतल्यावर हाताशी नोकरी नसलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० च्या पावसाळ्यात येथे राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी आडोशाआडून सलग निरीक्षण केले. नर खोपा अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन तो पारखतात, एखादीने पसंत केल्यावरच नर तो पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरा खोपा विणण्यास घेऊन नवी मादी मिळवतो, हा क्रम त्यांनी उलगडला व १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. खोपे विणणारा हा पक्षी किनाऱ्यावरील कोणालाही नवा नव्हता. एका नराचा दुसरा खोपा कोणत्या दिवशी सुरू झाला, हे मात्र रोज त्याच झाडासमोर बसणाऱ्यालाच कळणे शक्य होते.

१९८७ मध्ये घारापुरी लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. गेटवे ऑफ इंडियाहून सकाळी निघालेल्या लाँचमधील प्रवासी आज लेणे पाहून, छायाचित्रे काढून संध्याकाळपूर्वी परततात, म्हणजे पाहण्याचा अवधी पुन्हा काही तासांवर आला आहे. राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या बेटावरच्या तीन गावांना संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर दीर्घकाळ भागवावे लागले, आणि समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. पाहुण्यांच्या चित्रांचा विषय प्रामुख्याने लेणेच राहिला, कारण शेवटची लाँच सुटल्यावर बेटावर होणारा अंधार पाहण्यास त्यांच्यापैकी क्वचितच कोणी थांबले.