हर्राशीत न येणाऱ्या वस्तू

मराठवाड्यात लिलावाला ‘हर्रास’ म्हणतात. निजामी अमदानीतून आलेला हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे. आठवडी बाजाराच्या ठेक्याची हर्रास होते, सरकारने जप्त केलेल्या वाळूची होते, थकबाकीदाराच्या जमिनीचीही होते. एकवार, दोनवार, तीनवार असा पुकारा होतो आणि तिसऱ्या वारानंतर वस्तूचा मालक बदलतो. जालन्याच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु जगाच्या मोठ्या शहरांत आणखी एक हर्रास चालते, तिच्याकडे आपल्या चळवळीने फारसे लक्ष दिलेले नाही. ती इतिहासाची हर्रास आहे. तिथे जुन्या मूर्ती, तलवारी, दागिने, पत्रे आणि अस्थिकलशातील रत्ने विकली जातात. ती कोण विकतो, कोण घेतो आणि कोणाच्या वस्तू तिथवर पोचतच नाहीत, हे प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचे नाहीत. ज्यांना इतिहास नाकारला गेला त्यांचे ते अधिक आहेत.

या बाजाराचा एक नियम समजून घेतला पाहिजे. जुन्या वस्तूची किंमत केवळ तिच्या वयावरून किंवा धातूवरून ठरत नाही. ती कोणाकडून कोणाकडे आली, याची अखंड साखळी दाखवता आली तर भाव चढतो. अमुक राजाच्या खजिन्यातून अमुक साहेबाकडे, त्याच्याकडून त्याच्या नातवाकडे, अशी मालकीची वंशावळ वस्तूबरोबर छापली जाते. म्हणजे या बाजारात वस्तूलाही कुळ विचारले जाते! ज्या समाजाला मालमत्ता बाळगण्याचीच मुभा नव्हती, ज्याने फुटके भांडे वापरावे आणि मढ्यावरचे वस्त्र नेसावे असा धर्मशास्त्राचा दंडक होता, त्याच्या वस्तूंना अशी वंशावळ कोठून असणार? तेव्हा हा बाजार तटस्थ आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या मालकीला पूर्वी मान्यता होती त्यांच्याच स्मृतीला तो आज किंमत देतो.

२०२५ साली हा प्रश्न आपल्या अगदी जवळ आला. आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेलगत पिप्रहवा नावाचे गाव आहे. तेथील स्तूप १८९८ च्या जानेवारीत विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे या इंग्रज जमीनदाराने खणला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत कलश होते, अस्थी होत्या, सोने आणि शेकडो रत्ने होती. एका कलशावर शाक्यांचा आणि भगवान बुद्धांच्या अस्थींचा उल्लेख करणारा ब्राह्मी लेख होता. ब्रिटिश सरकारने अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवली आणि एक हिस्सा पेप्पेला बाळगू दिला. तो त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. ७ मे २०२५ रोजी सोदबीज कंपनी हाँगकाँगमध्ये त्याचा लिलाव करणार होती. भारत सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने नोटीस बजावली, देशोदेशींच्या बौद्धांनी निषेध केला आणि लिलाव थांबला. जुलैअखेर ती रत्ने भारतात परत आली. परंतु ती परत आली ती एका भारतीय उद्योगसमूहाने खरेदी केल्यामुळे. जे आपले होते ते दाम मोजूनच सुटले.

या घटनेत एक विसंगती आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींवर आठ ठिकाणच्या लोकांनी हक्क सांगितला. युद्धाची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्यस्थी करून आठ समान वाटे केले. उशिरा आलेल्या मोरियांना चितेची राख मिळाली. ही कथा पाली ग्रंथात आहे. तिथे बोली लागली नाही. ज्याची श्रद्धा त्याचा वाटा, एवढाच निकष होता. अडीच हजार वर्षांनी निकष बदलला आणि ज्याची ऐपत त्याचा वाटा झाला. आणि पिप्रहव्याच्या टेकाडावर प्रत्यक्ष कुदळ कोणी मारली? शोधाचा मान पेप्पेला मिळाला. खणणाऱ्या हातांची नावे त्या रत्नांच्या वंशावळीत नाहीत.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी दिलेला धम्म अस्थिपूजेचा नाही. मग या रत्नांची चिंता आपण का करावी? आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. आपण त्या वस्तूंकडे पूजेसाठी पाहत नाही, पुरावा म्हणून पाहतो. या देशात बौद्ध परंपरा होती, ती लोकांची होती आणि ती गाडली गेली, हे सांगायला आपल्याजवळ पुराणे नाहीत. आपल्याजवळ माती, दगड आणि त्यांवर कोरलेली नावे आहेत.

तो पुरावा फार दूरही नाही. जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी मिळून तेथील पांढरीचे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे थर निघाले, मणी निघाले, आणि हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती निघाली. तशाच धाटणीची मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडली होती. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. भोकरदन आणि तेर येथील मूर्ती पाहिल्यावर अनेक अभ्यासकांनी पाँपेईच्या मूर्तीचे नाते दख्खनच्या कारागिरांशी जोडले. तिकडे सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नोंद कोरलेली आहे. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीवकाम केले असे लिहून ठेवले आहे. कारागीर स्वतःचे नाव स्वतः कोरतो, हे ज्या संस्कृतीत घडत होते ती आणि कारागिराला शूद्र ठरवून निनावी करणारी संस्कृती यांतील फरक कोणत्याही भाषणापेक्षा हा एक दगड स्पष्ट सांगतो.

हा दगड जागेवर राहिला म्हणून सांगू शकला. सांचीतूनच १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांनी सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी काढल्या. त्या लंडनच्या संग्रहालयात गेल्या. महाबोधी सोसायटीने पाठपुरावा केल्यावर १९४७ साली त्या परत मिळाल्या आणि १९५२ साली सांचीत ठेवण्यात आल्या. मागणी करणारी संघटना होती म्हणून वस्तू आली. हा धडा महत्त्वाचा आहे.

राजांच्या वस्तूंना अशा संघटनेची गरज पडत नाही, त्यांच्यासाठी राज्ययंत्रणाच हालते. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होते. निजामाच्या विश्वस्त मंडळांनी त्याचे जवाहीर विक्रीस काढले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी १९९५ साली केंद्र सरकारने १७३ दागिने सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. त्यात निजामाने कागद दाबायला वापरलेला जेकब हिराही होता. ते जवाहीर देशात राहिले हे बरेच झाले. पण संस्थानाचा खजिना ज्या शेतसाऱ्यावर आणि वेठबिगारीवर उभा होता तिची एखादी खूण त्या काचेच्या पेटीशेजारी ठेवावी असे कोणाला सुचले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातील जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा विधानसभेत प्रश्न निघाला, पोलिसांची पथके फिरली आणि ऑक्टोबरमध्ये मूर्ती सापडल्या. चोरी शोधली गेलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या तत्परतेने तलवार आणि मूर्ती यांचा शोध घेतला जातो तिचा शतांश तरी बहुजनांच्या ठेव्याच्या वाट्याला यावा. २०१५ साली शासनाने लंडनमधील बाबासाहेबांचे किंग हेन्रीज रोडवरील घर घेतले, हे खरे आहे. मात्र त्यामागेही जनतेचा रेटा होता.

आता कायद्याकडे वळू. जमिनीत सापडलेल्या धनासंबंधी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. मूळ मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व जमीनमालकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या कागदावर कुदळीचा वाटा जमिनीच्या मालकापेक्षा तिप्पट आहे! नालाबंडिंगच्या, रस्त्याच्या, विहिरीच्या कामावरील किती मजुरांना हे ठाऊक आहे? ठाऊक नसल्यामुळे सापडलेले नाणे सराफाच्या मुशीत जाते किंवा मुकादमाच्या खिशात. नाण्यावरचा लेख कोणी वाचत नाही आणि मजुराला चहापाण्याचे पैसे मिळतात.

दुसरा कायदा १९७२ चा, १९७६ पासून लागू झालेला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते, नोंदी आणि कागदपत्रे यांना मात्र पंचाहत्तर वर्षेच पुरेशी आहेत. हा आकडा आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद झाली. तिच्यासंबंधीचे एखादे हस्तलिखित पत्र, वर्गणीची वही किंवा मोडी कागद कोणाच्या पेटीत असेल तर तो केवळ घरातला जुना कागद राहिलेला नाही. तो पुरावस्तू ठरू शकतो.

पण आपल्या वस्तू पेटीत राहतात का? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत. गावोगावचे भंगार तिथे येते, वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. श्रीमंताच्या जुन्या वस्तूला लिलावघर आहे, गरिबाच्या जुन्या वस्तूला भट्टी आहे. चर्मकाराची रापी आणि आरी, विहीर खोदणाऱ्याची झिजलेली पहार, खडी फोडणाऱ्या बाईचा हातोडा हे सारे किलोच्या भावाने जाते. पितळेची थाळी मुलाच्या फीसाठी मोडीत जाते. ज्याने मोडली त्याला दोष देता येणार नाही. त्या थाळीतूनच शिक्षणाची पहिली पिढी उभी राहिली आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या घरी ‘जुना दस्तऐवज’ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, एवढाच आहे.

काही वस्तू आपण होऊन टाकल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले गेले, गावकीची काठी टाकली गेली, हलगी खुंटीवरून उतरली. ते टाकणे ही क्रांती होती. आणि काही वस्तू आपल्यापासून हिरावल्या गेल्या. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटवली गेली. जळालेल्या घरांबरोबर धान्य, कपडे, भांडी यांची नुकसानी मोजता येते. परंतु त्या घरांतून जलशाच्या वह्या, परिषदांचे फोटो, ‘जनता’चे अंक किती जळाले याची मोजदाद कोणत्या पंचनाम्यात होणार? आग लावणाऱ्याला माहीत असो वा नसो, त्याने पुरावाही जाळला.

येथे एक खरा वाद आहे आणि तो टाळू नये. गुलामीच्या खुणा जपाव्यात का? घुंगरांची काठी, हॉटेलबाहेर टांगलेला वेगळा कप, पोतराजाचा आसूड हे नजरेआड झालेलेच बरे, असे मानणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्या चिडीचा आम्हाला आदर आहे. पण जपणे म्हणजे वापरणे नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे २०१६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. तिथे गुलामांच्या बेड्या ठेवल्या आहेत. त्या बेड्या पाहून कोणी पुन्हा गुलाम होत नाही. गुलामगिरी नव्हतीच, असे म्हणणाऱ्याचे तोंड मात्र बंद होते. ‘आमच्या गावात जात कधी नव्हती’ असे सांगणारे लोक वाढत आहेत. त्यांच्यासमोर तो कप ठेवण्याइतके दुसरे उत्तर नाही. आणि आपण तो ठेवला नाही तर उद्या दुसरे कोणी ठेवील. हलगी आणि काठी ‘लोककला’ म्हणून दिवाणखान्यात टांगली जाईल, तिच्यावर भावाची चिठ्ठी असेल, वाजवणाऱ्याचे नाव आणि जात मात्र पुसलेली असेल.

मार्ग नाही असे नाही. नागपूरजवळ चिचोली येथे वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र अशा वस्तू जमवल्या. दीक्षा समारंभाची व्यवस्था पाहणारा हा कार्यकर्ता. त्याच्यापाशी राजवाडा नव्हता, दृष्टी होती. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखनही पेट्यांतच पडून होते. त्यातून शासनाने खंड काढले, ते वसंत मून यांच्यासारख्यांनी कागदाचा कपटाही मोलाचा मानला म्हणून.

तेव्हा जालना, अंबड, परतूर, भोकरदन या तालुक्यांत जिथे महाविद्यालय आहे तिथे एक कपाट यासाठी ठेवता येईल. विद्यार्थ्याने गावातून वस्तू आणावी. आणता येत नसेल तर फोटो आणावा. वस्तूबरोबर चार गोष्टी लिहाव्यात: ती कोणी वापरली, कोणत्या कामाला, कोणत्या गावात, आणि कधी टाकली. ही नोंद म्हणजेच तिची वंशावळ. मूळ कागद संशोधकाच्या हाती कायमचा सोपवू नये, नक्कल द्यावी. मजुरांच्या सभेत १८७८ च्या कायद्यातील तीन चतुर्थांश हिश्श्याचे कलम वाचून दाखवावे. याला फार पैसा लागत नाही. वही लागते आणि आजी-आजोबा हयात असेपर्यंतची घाई लागते. ती आपण केली नाही, तर आपल्या इतिहासावर तीनवारचा पुकारा होईल तेव्हा हक्क सांगायला आपल्या हाती एकही कागद नसेल.