उन्हाळ्यातला डोह

नागपूरच्या मे महिन्याचे वर्णन आम्ही निराळे काय करावे! पारा ४५ अंशांवर चढतो, कन्हान आणि पेंच आटत जातात आणि उरतात ते डोह. नदीतली सारी जीवसृष्टी तेव्हा या डोहांच्या आश्रयाला येते.

कन्हानकाठी कामठीची छावणी १८२१ साली वसली. पिसे आणि दोरा यांची कृत्रिम माशी पाण्यावर फेकून ट्राउट पकडण्याचा छंद गोऱ्या अधिकाऱ्यांनी मायदेशाहून आणला. ट्राउट मात्र इकडच्या नद्यांत नव्हता, असणेही शक्य नव्हते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातावर येतो. पाणी २५ अंशांच्या आसपास तापले की ट्राउट तगत नाही. आमच्या नदीला तो मानवणार कसा? म्हणून साहेबांनी निलगिरी आणि काश्मीर गाठले. डॉ. फ्रान्सिस डे यांचा निलगिरीतला १८६३ सालचा प्रयत्न फसला. काश्मीरला निघालेली १८९९ सालची अंडी वाटेतच नासली, पुढच्या वर्षीची खेप जगली. मैदानी मुलखातल्या शौकिनांनी महाशीरावर समाधान मानले, एच. एस. थॉमस यांनी तर १८७३ साली गळाच्या शिकारीवर ग्रंथच लिहिला.

त्याच १८७३ साली डॉ. डे यांचा गोड्या पाण्यातील मासेमारीवरील अहवाल निघाला. आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो. पाण्यात विष कालवणे, पिलांचा सर्रास संहार करणे, हे सारे त्यांनी मांडले. उन्हाळ्यात मासा डोहात कोंडला गेला की असा घात अगदी सोपा होतो. तरी सुरुंगाच्या दारूने आणि विषाने मासे मारण्यास बंदी करणारा कायदा यावयास १८९७ साल उजाडले. डे १८८९ सालीच वारले होते. सापळे, बांध आणि जाळी यांवर नियम करण्याची मुभाही त्या कायद्याने सरकारला दिली. छंदाच्या काठीचे नाव त्या यादीत नाही! नियमांचा भार पडावयाचा तो पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्या ढीवरावर.

आणि तो प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा डोहापाशीच आला. पेंचवर धरण होऊन तोतलाडोहचा जलाशय बनला, भोवती राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे ३०५ परवाने दिले. वन्यजीवांच्या बाजूने कज्जा सर्वोच्च न्यायालयात गेला. वाघाचे रान राखावे हे आम्हांलाही मान्य आहे. पण ज्यांचे गाव गेले, त्यांची चूलही विझवावी काय? १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, अटी मात्र घातल्या: जवळ छायाचित्राचे ओळखपत्र हवे, काठावर कचरा वा पॉलिथिनच्या पिशव्या टाकू नयेत, आणि स्वयंपाकासाठीसुद्धा तेथे विस्तव पेटवू नये.